बंदर, खाजण, उघाडी, तिवर : खाडीकाठच्या फलकासाठी शब्द हवेत

ऐरोलीकर

ठाणे खाडीच्या काठावर लावायच्या एका माहितीफलकाचा मजकूर तपासायला आला आहे. पहिलंच वाक्य असं : 'निरोगी परिसंस्था आणि सागरी बंदरे ही स्थानिक समुदायांना, हवामानाला व अर्थव्यवस्थेला लाभ मिळवून देतात.' व्याकरणात खोट नाही, पण दिवा कोळीवाड्यातला माणूस हे वाचून पुढे सरकेल. फलक सहा बाय चार फुटांचा, म्हणजे मोठ्या अक्षरात दीडशे शब्दांच्या वर काही मावत नाही. 'परिसंस्था'ला बरा शब्द आहे का? 'सागरी बंदर' बरोबर का? आणि खाली एकाच झाडाला कुठे खारफुटी, कुठे तिवर, कुठे कांदळ म्हटलंय, ते चालेल का?

भरतीओहोटी

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण चुकीचा फटका तिथेच बसतो. खारफुटी हे एका झाडाचं नाव नव्हे. खाऱ्या पाण्यात, भरती-ओहोटीच्या पट्ट्यात वाढणाऱ्या सगळ्या झाडाझुडपांचं ते सामाईक नाव. तिवर हे त्यातलं एक झाड, आणि ठाणे खाडीत डोळ्यांना दिसतं ते बहुतेक तिवरच. कांदळ वेगळं. चिपी वेगळी. त्यातली पांढरी चिपी २०२० पासून राज्याचं कांदळवृक्ष आहे. मारांडी काटेरी पानांची, निळसर फुलांची, काठावरची.

ओळखायचं मुळांवरून. तिवराखाली चिखलातून पेन्सिली उभ्या रोवल्यासारखी मुळं वर आलेली असतात, ती श्वास घेण्यासाठी. कांदळाची मुळं खोडातूनच फुटून कमानीसारखी खाली उतरतात, झाड तिवईवर उभं केल्यासारखं दिसतं. कांदळाचं बी झाडावरच रुजतं आणि हिरवी लांब शेंग खाली लोंबते. तिवराचं बी पावट्याएवढं, चपटं. पाण्यात पडलं की साल सोडतं आणि भरतीबरोबर तरंगत जातं.

फलकावर 'तिवर' लिहून चित्र कांदळाचं छापलं तर वाचणारा कायम चुकीचं ओळखेल. एवढंच नव्हे, लागवडीलाही तीच चूक जाते. कांदळाच्या शेंगा सरळ चिखलात रोवता येतात, तिवराची रोपं आधी पिशवीत वाढवावी लागतात. दोन्हींना भरतीचं पाणी किती वेळ हवं तेही सारखं नसतं.

कळव्याची

'कांदळवन' मात्र सरकारी भाषेत सगळ्या खारफुटीसाठीच रूढ झालंय. वन विभागाचा कांदळवन कक्ष २०१२ पासून आहे, आणि त्याच्या अखत्यारीत तिवरही येतं, चिपीही. तेव्हा 'कांदळ' एक झाड आणि 'कांदळवन' सगळं रान, हा भेद फलकावर एका ओळीत सांगून टाका. आमच्याकडे बोलताना सगळ्याला 'तिवरं' म्हणतात, तेही लिहा. लोकांचा शब्द चुकीचा ठरवायचा नसतो, नेमका कुठे लागतो ते सांगायचं असतं.

शब्दवेडा

परिसंस्था हा शब्द पाठ्यपुस्तकात रुळलेला आहे, काढून टाकू नका. पण पहिल्याच ओळीत नको. आणि 'निरोगी' माणसाला लावतात, गुराला लावतात. खाडीला नाही लावत. खाडी 'जिवंत' असते, नाहीतर 'मेलेली'. आगरी-कोळी बोलीत 'जिती' म्हणतात. 'जिती खाडी' हे दोन शब्द 'निरोगी परिसंस्था'चं काम करतात.

'समुदाय' तर सरळ काढा. इथे समुदाय नाहीत. गावं आहेत, कोळीवाडे आहेत, पाडे आहेत. 'हवामानाला लाभ' हे मराठीत ऐकूनच हसू येतं. लाभ होतो तो माणसांना, हवामानाला लाभ कसला?

भरतीओहोटी

शब्दवेडा, लाभ म्हणू नका, पण घडतं काय ते सांगा. ओहोटीला खाडीवर सडक्या अंड्यासारखा वास येतो ना, लोक म्हणतात घाण झाली खाडी. सांडपाण्याची घाण आहेच, पण तो वास पुष्कळदा साध्या कारणाने असतो. चिखलात एक-दोन इंचांखाली प्राणवायू नसतो, आणि तिथे जिवाणू गंधकाच्या संयुगांवर जगतात. प्राणवायू नाही म्हणूनच तिथे पडलेलं पान, मूळ पुरतं कुजत नाही. झाडाने हवेतून घेतलेला कार्बन चिखलात तसाच शतकानुशतकं दबून राहतो. हाच चिखल भराव टाकायला उकरला, सुकवला, की हवा लागते, कुजणं सुरू होतं आणि कार्बन परत वर जातो. म्हणजे झाड तोडल्याने नुकसान एकदा होतं, चिखल उकरल्याने ते पुढे वर्षानुवर्षं चालू राहतं. 'नील कार्बन' हा शब्द फलकावर टाकलात तर त्याखाली हे लिहा. नुसत्या नील कार्बनने कोणाला काही कळत नाही.

मीठआगर

आता 'बंदर'. फारसीतून आलेला शब्द, पण मराठीत इतका मुरलाय की त्याला 'सागरी' हे शेपूट लागत नाही. मराठीत बंदर म्हणजे बंदरच. माकडाला आपण माकड म्हणतो, गोंधळ हिंदीत होतो. तिथे केंद्राच्या बंदर खात्याच्या नावात 'पत्तन' आहे. आपल्याला ते नको. जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरण असंच मराठीत लिहितात.

शिवाय सगळी बंदरं सागरी नव्हतीच. खाडीतलीच जास्त. कळवा-मुंब्र्याचं रेतीबंदर, पलीकडे घोडबंदर, चेंदणी. होडी टेकली, माल उतरला, की ते बंदर. १९८९ ला सुरू झालेलं न्हावा-शेवा (तेच जवाहरलाल नेहरू बंदर) आणि रेतीबंदर यांना एकच शब्द पुरतो, हे मराठीचं बळ आहे. फलकावर मोठं बंदर म्हणायचं असेल तर 'कंटेनर बंदर' म्हणा.

आणि धक्का, जेटी, गोदी यांची खिचडी नको. धक्का काठाला समांतर बांधलेला, होडी त्याला बाजूने लागते. जेटी काठापासून पाण्यात घुसलेली, ओहोटीलाही टोकाशी खोली मिळावी म्हणून. गोदी म्हणजे जहाज आत घेऊन उभं करायची बंदिस्त जागा. बोलताना सरमिसळ होते, होऊ दे. ऐरोलीला रोहित पक्षी बघायला जी बोट सुटते ती जेटीवरून सुटते, तिला धक्का लिहू नका.

कळव्याची

रोहितच लिहा, 'फ्लेमिंगो' त्याच्या शेजारी चालेल, लोकांना तोच माहीत आहे. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य हे अधिकृत नाव, २०१५ चं. क्षेत्र सुमारे १,६९० हेक्टर. २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेलं. या १,६९० मध्ये अंदाजे निम्मी तिवरं आणि निम्मं पाणी व उघडा चिखल आहे, आणि हा उघडा चिखल म्हणजे मोकळी जागा नव्हे. छोटा रोहित तिथलं शेवाळ गाळून खातो. उत्साहाच्या भरात तिथे तिवर लावला तर पक्ष्याचं ताट उचललंत.

मीठआगर

यावरूनच 'गाळ' आणि 'चिखल'. बंदरवाल्यासाठी तो गाळ : नौकामार्गाची खोली घटवणारा, उपसायचा, पैसा खाणारा. कोळ्यासाठी तोच चिखल : निवट्या, चिंबोरी, कोलंबी तिथलीच. वस्तू एक, शब्द दोन. मसुद्यात खाडीच्या वर्णनातही 'गाळ' असेल तर बदला. गाळ म्हटलं की वाचणाऱ्याच्या मनात तो काढायची इच्छा येते.

ऐरोलीकर

मसुद्यात 'गाळाने भरलेली पडीक दलदल' असं आहे.

मीठआगर

ते तर आधी खोडा. 'पडीक' म्हणजे कसायची ती न कसता टाकलेली जमीन. त्या जागेला खाजण हा शब्द आहे. उत्तर कोकणात खाजण म्हणजे भरतीचं पाणी चढतं-उतरतं ती खाडीलगतची जमीन. तिला बांध घालून पाणी अडवलं आणि भात घेतलं की ती खार. (गोव्यात बांधातल्या शेतीलाच खाजन म्हणतात, तिथला वाचक गोंधळेल, पण फलक ऐरोलीत आहे.) आगर म्हणजे मिठागर, आगरी नाव त्यावरून. खाजण, खार, आगर या तीन शब्दांत खाडीकाठची सगळी जमीन मोजून ठेवली होती जुन्या लोकांनी.

खारीचं तंत्र जमलं तर दोन ओळी द्या. बांधात एक उघाडी असते, म्हणजे झडप असलेली मोरी. भरतीला बाहेरचं पाणी दाबतं, झडप बंद. ओहोटीला आतलं पाणी दाबतं, झडप उघडते. पावसाळाभर पाऊस मीठ धुऊन काढतो आणि धुतलेलं पाणी ओहोटीला उघाडीतून निघून जातं. उन्हाळ्यात मीठ परत वर चढतं, म्हणून पहिल्या चांगल्या पावसापर्यंत पेरणी थांबवायची, मग भिजवून मोड आणलेलं बी फेकायचं, त्याला रहू म्हणतात. राता हा भाताचा जुना वाण. पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राचे पनवेल १, २, ३ नंतरचे. एका उधाणाला बांध फुटला तर त्या वर्षाचं पीक गेलंच, पुढचीही एक-दोन वर्षं मीठ धुण्यात जातात.

भरतीओहोटी

मीठआगर, 'उघाडी' फलकावर आलाच पाहिजे, कारण नवी मुंबई आजही उघाडीवर चालते. सिडकोने शहर खाडीच्या पातळीजवळ भराव घालून वसवलं, म्हणून नाले थेट खाडीत न सोडता आधी धारण तलावात सोडले. तलावाच्या तोंडाशी वरून बिजागरीवर टांगलेली झडप. उघाडीचंच मोठं भावंड. भरती चढत असताना साधारण सहा तास शहराचा पाऊस तलावात साठतो, ओहोटीला झडप आपोआप उघडते.

बिघडतं ते दोन ठिकाणी. झडपेत प्लास्टिक, थर्माकोल, फांदी अडकली की ती पुरती मिटत नाही आणि भरतीचं पाणी आत शिरतं. त्याबरोबर चिखल आणि तिवराचं बी. तलाव उथळ होतो, पावसाला जागा उरत नाही, मुसळधार पाऊस आणि उधाण एका वेळी आलं की सखल भागात पाणी. दरम्यान तलावात तिवरं फोफावलेली असतात, त्यांना उच्च न्यायालयाच्या आदेशाचं संरक्षण, म्हणून उपसा परवानगीवाचून करता येत नाही. हे सगळं एका न मिटलेल्या झडपेचं. 'पाणी तुंबलं कारण तिवरं' असं म्हणतात ते उलटं आहे, आधी झडप, मग तिवरं.

आणि उलटंही घडतं. भराव टाकून खाजणाचं तोंड बंद केलं की पाणी आत साचून राहतं, तिवराची श्वासमुळं दिवसच्या दिवस बुडून राहतात आणि रान उभ्याउभ्या वाळतं. कुऱ्हाड न लावता तिवर मारायचा हा सोपा मार्ग. फलकाजवळ झाडं एका ओळीत वाळलेली दिसली तर आधी पाण्याची वाट कुठे बुजली ते बघा.

शब्दवेडा

'उधाण' जपून वापरा. बातम्यांत कुठलीही मोठी भरती उधाण होते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासची ती उधाणाची भरती, अष्टमी-नवमीच्या आसपासची ती भांगाची. भांगाला पाणी ना फार चढतं, ना फार उतरतं. 'भांग' हा शब्द फलकावर आला तर आजच्या पोरांना तो निदान वाचायला मिळेल, त्यांना दुसरीच भांग माहीत आहे.

ऐरोलीकर

लागवडीच्या परिच्छेदात 'दर हेक्टरी ४,४४४ रोपे' आहे. हा आकडा छपाईची चूक वाटतो.

भरतीओहोटी

चूक नाही. दोन्ही बाजूंनी दीड मीटर अंतर धरलं की एका रोपाला सव्वादोन चौरस मीटर, आणि दहा हजार भागिले सव्वादोन म्हणजे ४,४४४. पण 'लावली' आणि 'जगली' हे शब्द वेगळे ठेवा. रोपाला शिंपल्यांचे खवले चिकटले की ते भाराने वाकतं, भरतीत आलेलं प्लास्टिक गुंडाळलं की मोडतं. त्यामुळे मेलेल्या रोपांच्या जागी पुन्हा लागवड करावी लागते. तिला 'नांग्या भरणं' म्हणा, शेतकऱ्याला शब्द लगेच कळेल.

कळव्याची

पहिल्या वाक्याला माझा पर्याय : 'खाडी जिती तर मासळी आहे, काठ शाबूत आहे, बंदराला माणसं आहेत.'

मीठआगर

कळव्याच्या ताई, शेवटचा तुकडा ओढून आणल्यासारखा. बंदराचं काम निराळं सांगा : 'बंदर मालाला वाट देतं, खाजण पाण्याला वाट देतं. एकाची वाट रुंद करताना दुसऱ्याची बुजवू नका.' उपदेश वाटत असेल तर दुसरं वाक्य कापा.

ऐरोलीकर

दुसरं कापतो. जागा उरली तर भरतीची वेळ काढायची जुनी रीत टाकावी म्हणतो : तिथीची पाऊणपट. अष्टमीला आठ गुणिले पाऊण, सहा वाजता भरती.

भरतीओहोटी

टाका. फक्त तीन गोष्टी जोडा. दुसरी भरती सुमारे साडेबारा तासांनी. वद्य पक्षातही तिथी पुन्हा एकपासून मोजायची. आणि ही रीत मुंबई बंदराच्या पाण्याची आहे, खाडीच्या वरच्या टोकाला, ठाण्याकडे, भरती त्यानंतर पोचते. ऐरोलीच्या जेटीवर वेळ छापायची तर आधी आठ-पंधरा दिवस तिथेच खांबावर खुणा करून ताडून बघा, मग छापा.