बर्म्युडाच्या लॉनवर हिवाळ्यासाठी रायग्रास पेरावे का?

प्रश्न:
नमस्कार. आम्ही ॲरिझोनात फीनिक्सजवळ चँडलर येथे राहतो आणि घरामागे सुमारे 800 चौरस फुटांचे बर्म्युडाचे, म्हणजे आपल्या हरळीचेच, लॉन आहे. डिसेंबरपासून ते पार पिवळे पडते. शेजाऱ्यांचे मात्र ऑक्टोबरात रायग्रास हे थंडीत वाढणारे गवत पेरल्यामुळे वसंतापर्यंत हिरवेगार असते. पेरणी केव्हा करावी, बियाणे किती लागते आणि मूळ गवताला त्याने अपाय होतो का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १:
तारखेपेक्षा रात्रीचे तापमान पाहावे. पारा रोज रात्री 65 अंश फॅरेनहाइटच्या खाली उतरू लागला की पेरणीची वेळ झाली. तुमच्याकडे हे बहुधा ऑक्टोबरच्या मध्यास घडते. त्याआधी पेरल्यास अजून जोमात असलेले बर्म्युडा नव्या रोपांना वर येऊ देत नाही, आणि फार उशीर झाल्यास थंडीमुळे उगवण रेंगाळते. काही आठवडे आधी खत बंद करून, मोअरचे पाते दर कापणीला थोडे खाली आणत गवत अर्ध्या इंचापर्यंत छाटावे, म्हणजे बी मातीला टेकते. हजार चौरस फुटांना 10 ते 15 पौंड या हिशेबाने तुम्हाला 8 ते 12 पौंड बियाणे लागेल. तण उगवू नये म्हणून वापरले जाणारे प्री-इमर्जंट औषध या सुमारास मुळीच टाकू नये, कारण ते रायग्रासचे बीही उगवू देत नाही. कोंब दिसेपर्यंत, म्हणजे साधारण 5 ते 10 दिवस, दिवसातून तीन-चार वेळा थोडेथोडे पाणी द्यावे. माती ओलसर राहावी, पण बी वाहून जाऊ नये. रोपे दोन इंचांची झाली की पहिली कापणी कोरड्या जमिनीवर आणि धारदार पात्यानेच करावी. बोथट पाते कोवळी रोपे मुळासकट उपटून काढते.

उत्तर २:
अपायाच्या प्रश्नाचे उत्तर राहिले आहे, आणि माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. बारमाही रायग्रास मे-जूनपर्यंत तग धरते आणि नेमक्या जागे होऊ पाहणाऱ्या बर्म्युडाचे ऊन अडवते. पुढच्या हिवाळ्यासाठी मुळांत अन्नसाठा करायला बर्म्युडाला उन्हाळ्यात सुमारे 100 दिवस स्पर्धेविना मिळावे लागतात. म्हणून वसंतात कापणी क्रमाक्रमाने खाली आणून रायग्रासचा जोर मोडावा, आणि लॉन विरळ वाटले तर एक वर्ष पेरणी टाळावी. एप्रिलमधील मास्टर्स गोल्फ स्पर्धेत दिसणारी ऑगस्टा मैदानाची हिरवळही अशीच पेरलेली असते, पण ते मैदान उन्हाळाभर बंद ठेवतात. आपल्या अंगणात मुले उन्हाळ्यातच अधिक खेळतात.

उत्तर ३:
पाण्याचाही विचार करावा, ही कळकळीची विनंती. कोलोरॅडो नदीवर 2021 मध्ये प्रथमच अधिकृत टंचाई जाहीर झाली आणि पुढच्या वर्षी ॲरिझोनाच्या वाट्यात मोठी कपात झाली. सुप्त बर्म्युडाला हिवाळ्यात महिन्यातून एखादे पाणी पुरते. रायग्रासला मात्र सबंध हंगाम नियमित द्यावे लागते. हिरवळ हवीच असेल, तर बैठकीच्या खिडकीतून दिसणारा दोन-अडीचशे चौरस फुटांचा तुकडा तेवढा पेरावा आणि त्याच्या स्प्रिंकलरची वेळ उरलेल्या लॉनपासून वेगळी लावावी.