कळ कुणाच्या हातात: पेशीच्या की आपल्या?

पेशीराम: जिवाणू-यीस्टकडून औषधं, रसायनं बनवून घेताना अजूनही सर्रास एकच चालतं. दमदार प्रमोटर (जनुक चालू-बंद करणारा डीएनएचा तुकडा) लावायचा आणि जनुक अहोरात्र चालू ठेवायचं. मग पेशी बिचारी वाढणार कधी? माझ्या मते जनुक कधी चालू व्हायचं, हे पेशीलाच ठरवू द्यावं. फार्मर आणि लियाओ यांनी २००० सालीच ई. कोलाय या जिवाणूमध्ये हे करून दाखवलं. साखरेचा ओघ जास्त झाला की पेशीत ॲसिटिल फॉस्फेट नावाचं रसायन साचतं. ते वाढलं की लायकोपीन, म्हणजे टोमॅटोतलं लाल रंगद्रव्य, बनवायच्या मार्गातली जनुकं जागी होतात. उत्पादन वाढलं आणि पेशीची ओढाताणही कमी झाली.

टाकीवाला: फ्लास्कमध्ये सगळंच छान दिसतं हो. मोठ्या टाकीत साखर सगळीकडे सारखी मिसळत नाही. पेशी भरल्या कोपऱ्यातून उपाशी कोपऱ्यात फिरत राहते आणि तुमचा सेन्सर, म्हणजे साखरेचा ओघ ओळखून जनुक चालू करणारी यंत्रणा, उघडझाप करत बसतो. आर्टेमिसिनिक आम्लाचं (मलेरियाच्या औषधाचा कच्चा माल) यीस्ट बघा, २०१३चं, लिटरला २५ ग्रॅम. त्यात कच्चा माल स्क्वालीन या दुसऱ्याच पदार्थाकडे वळवणारी वाट आवळायला तांब्याने दबणारा प्रमोटर लावलाय. कॉपर सल्फेट टाकलं की काम झालं, तेही स्वस्तात.

पेशीराम: अहो, पण तेही जनुक-नियंत्रणच झालं ना!

टाकीवाला: झालं की. फक्त कळ माझ्या हातात आहे.

जुनंखोड: मधेच बोलतो. पेनिसिलिनची बुरशी क्ष-किरण आणि अतिनील किरणांनी भाजून भाजून सुधारली, तेव्हा प्रमोटर कुणाला ठाऊक होता? पुढे त्या वाणांत पेनिसिलिनच्या जनुकसंचाच्या अनेक प्रती सापडल्या. म्हणजे निवड करत गेलो, तर मिळाला तुमचा तोच नावडता उपाय: जनुकं वाढवा.

पेशीराम: मान्य, पण त्याला कित्येक दशकं लागली. आणि खरी अडचण वेगळीच आहे. उत्पादन हे पेशीला ओझं असतं. ज्या पेशीत तो मार्ग मोडतो ती भराभर वाढते आणि टाकी आळशांनी भरते. त्यावरचा तोडगा नियंत्रणातूनच निघाला. २०१८ साली ई. कोलायची जगायला आवश्यक जनुकं मेव्हॅलोनिक आम्लाच्या (तिथे बनवायचा माल तोच) सेन्सरला जोडली. माल बनवला नाही तर जगणं मुश्किल! उत्पादन ९५ पिढ्या टिकलं.

टाकीवाला: हे मात्र आवडलं. आता सांगा, त्या सेन्सरमध्येच म्युटेशन होऊन तो कायमचा चालू राहिला तर? ती पेशी एक थेंब न बनवता मजेत जगेल. तुम्ही सेन्सरच्या किती प्रती ठेवणार?