मदत हवी आहे: व्हीएम आतून निवांत पण लोक म्हणतात स्लो, आणि अपलिंकचा आलेख ११५ एमबीपीएसच्या वर जातच नाही

नमस्कार मंडळी,

एका संस्थेचं छोटं डेटा सेंटर सांभाळतो. दोन रॅक, प्रत्येकी ३२ सीपीयू कोअरचे चार ईएसएक्सआय होस्ट (व्हीएमवेअरचे सर्व्हर), त्यांवर साठेक व्हीएम (व्हर्च्युअल मशीन), एक कोअर स्विच (मुख्य स्विच), त्याला जोडलेले मजल्यांवरचे ॲक्सेस स्विच आणि फायरवॉल. देखरेखीला झॅबिक्स हे सॉफ्टवेअर आहे. माझ्या आधीच्या माणसाने उभं केलेलं, कोणत्या यंत्रावर काय मोजायचं याची टेम्प्लेटही त्याचीच.

पहिली अडचण रिपोर्ट सर्व्हरची. १६ व्हीसीपीयूची (व्हर्च्युअल सीपीयूंची) लिनक्स व्हीएम आहे. दुपारी रिपोर्ट काढायची वेळ झाली की फोन सुरू होतात, 'सिस्टीम अडकली.' मी बघतो तर व्हीएममधल्या झॅबिक्स एजंटनुसार सीपीयू ३०-३५ टक्के, मेमरी मोकळी, डिस्कही शांत. पुरावा म्हणून आलेख दाखवला तर लेखा विभागाचे साहेब म्हणाले, तुमचा आलेख खोटा आहे.

दुसरी अडचण नेटवर्कची. कोअर स्विचचा १ जीबीपीएसचा अपलिंक दर ५ मिनिटांनी एसएनएमपीवर (नेटवर्क उपकरणांचे आकडे विचारायचा प्रोटोकॉल) वाचला जातो. रात्री बॅकअप चालू असताना त्यावर भरपूर ट्रॅफिक असणार, पण आलेख कधीच ११५ एमबीपीएसच्या वर गेलेला नाही. शिवाय नेमका रात्रीच तो मधेमधे तुटतो. दिवसा व्यवस्थित.

तिसरं म्हणजे कोअर स्विच नुसता रीबूट केला तरी मोबाइलवर शेकड्याने अलर्ट येतात. खरं काय पडलंय ते शोधेपर्यंत स्विच परत वर आलेला असतो.

जाणकारांनी प्रकाश टाकावा.
– रॅकवाला

प्रतिसाद १: जुना_ॲडमिन

दुसऱ्यापासून सुरू करतो, कारण ११५ हा आकडा वाचूनच ओळख पटली. तुमचं टेम्प्लेट इफ-इन-ऑक्टेट्स, म्हणजे पोर्टवर आत आलेल्या बाइटची मोजणी, वाचत असणार. तो ३२ बिटांचा काउंटर. २ चा ३२ वा घात म्हणजे साधारण ४२९ कोटी बाइट झाले की तो शून्यावर येतो. १ जीबीपीएस पूर्ण वेगाने वाहत असेल तर ३४ सेकंदांत एक फेरी संपते. तुम्ही ५ मिनिटांनी बघता, तोवर आठेक फेऱ्या झालेल्या असतात आणि त्यांचा पत्ता कुणालाच नाही. दोन वाचनांत जास्तीत जास्त एका फेरीइतकाच फरक दिसू शकतो. ४२९ कोटी बाइट गुणिले ८, भागिले ३०० सेकंद करून बघा, साधारण ११४.५ एमबीपीएस येतात. तेच तुमचं छत.

तुटण्याचंही कारण तेच. नवं वाचन आधीच्यापेक्षा लहान आलं की झॅबिक्स तो फरक टाकून देतो आणि पुढच्या वाचनाची वाट बघतो. दिवसा ट्रॅफिक कमी, म्हणून आलेख शहाण्यासारखा वागतो.

उपाय: ६४ बिटांचा इफ-एचसी-इन-ऑक्टेट्स घ्या. त्याचा ओआयडी (एसएनएमपीमधला पत्ता) १.३.६.१.२.१.३१.१.१.१.६, बाहेर जाणाऱ्यासाठी शेवटी १०. एसएनएमपी आवृत्ती १ मध्ये ६४ बिटी काउंटर मिळतच नाहीत, त्यामुळे झॅबिक्समध्ये त्या स्विचची सेटिंग निदान व्ही२सी (आवृत्ती २सी) असल्याची खात्री करा. जमलं तर सरळ व्ही३ वर जा. व्ही२सी मध्ये कम्युनिटी स्ट्रिंग (पासवर्डसारखा शब्द) उघडी जाते, म्हणून स्विचवर फक्त झॅबिक्सच्या आयपीला परवानगी ठेवा. आणि कृपा करून ती स्ट्रिंग नेहमीची 'पब्लिक' ठेवू नका.

प्रतिसाद २: हायपर_व्हायझर_नाना

रिपोर्ट सर्व्हरचं उत्तर व्हीएमच्या आत सापडणार नाही. व्हीसेंटरमध्ये (सगळे होस्ट एकत्र सांभाळायचं सॉफ्टवेअर) त्या व्हीएमचा रिअल-टाइम आलेख उघडा आणि 'रेडी' हा काउंटर लावा. व्हीएम काम करायला तयार आहे, पण होस्टने तिला कोअर दिलेला नाही, असा वेळ तिथे मोजला जातो. त्या काळात व्हीएम थिजलेली असते, आणि आपण थिजलो होतो हे आतल्या लिनक्सला सहसा कळतही नाही. मग तो ३५ टक्केच सांगणार. साहेब अगदीच चुकीचं बोलले नाहीत.

आकडा मिलिसेकंदांत असतो आणि रिअल-टाइमचं एक वाचन २० सेकंदांचं. म्हणून आकड्याला २०,००० ने भागून १०० ने गुणा, मग व्हीसीपीयूंच्या संख्येने भागा. दर व्हीसीपीयूमागे ५ टक्क्यांच्या वर गेलं की लक्ष घाला, १० ला वापरणाऱ्याला नक्की जाणवतं. दिवसभराचा आलेख काढाल तेव्हा वाचन ५ मिनिटांचं असतं, तिथे भाजक ३,००,०००. बरेच जण इथे २०,००० च वापरतात आणि उगाच घाबरतात.

दुसरं, १६ व्हीसीपीयू खरंच लागतात का? एसटीत सोळा जणांच्या घोळक्याला जागा मिळणं आणि चौघांना मिळणं यात फरक आहेच ना. सगळ्यांना अगदी एकदमच बसवायचा नियम आताच्या ईएसएक्सआयमध्ये सैल झालाय, पण भरलेल्या होस्टवर मोठी व्हीएमच जास्त ताटकळते.

प्रतिसाद ३: पिंग_पाटील

अलर्टच्या पुरासाठी झॅबिक्समध्ये ट्रिगर डिपेंडन्सी लावा, म्हणजे एक ट्रिगर (अलर्टची अट) पेटलेला असताना त्यावर अवलंबून असलेले गप्प राहतात. ॲक्सेस स्विचचा 'पोहोचत नाही' ट्रिगर कोअर स्विचच्या ट्रिगरवर अवलंबून ठेवायचा. मेख एकच: कोअर पडल्याचं आधी कळलं पाहिजे. म्हणून कोअरची तपासणी ३० सेकंदांनी आणि बाकीच्यांची मिनिटा-दोन मिनिटांनी ठेवा, नाहीतर पोरं आधी ओरडतात. व्हीएमचे ट्रिगर मात्र ठरावीक होस्टला बांधू नका, व्हीमोशनने (चालू व्हीएम दुसऱ्या होस्टवर हलवायची सोय) ती उद्या दुसरीकडे असेल.

आणि झॅबिक्सचा सर्व्हर कुठे आहे? त्याच चार होस्टवर असेल तर क्लस्टर पडल्यावर तुम्हाला कोण सांगणार? एखादा जुना डेस्कटॉप का होईना, बाहेर ठेवा.

रॅकवाला:

मनापासून धन्यवाद. स्विच खरंच व्ही१ वर होता. व्ही२सी आणि ६४ बिटी काउंटर केल्यावर काल रात्री बॅकअपचा आलेख ६०० एमबीपीएसच्या पुढे गेला आणि कुठेही तुटला नाही.

दुपारी रेडी बघितला, ३२,००० च्या आसपास. म्हणजे १६० टक्के, भागिले १६, दर व्हीसीपीयूमागे १०. त्याच होस्टवर आणखी दोन १६ व्हीसीपीयूच्या व्हीएम निघाल्या. डीआरएस (होस्टवरचा भार आपोआप वाटून देणारी सोय) आमच्या परवान्यात नाही, त्यामुळे आपोआप कुणी हलत नाही. आता एक हाताने दुसऱ्या होस्टवर नेली आहे.

पण ॲप्लिकेशनवाले '१६ च हवेत' असं लेखी देऊन बसलेत. कमी कसे करू?

हायपर_व्हायझर_नाना:

त्यांच्याशी वाद घालू नका, आधी आजच्या हलवाहलवीनंतरचा रेडी बघा. ५ च्या खाली आला असेल तर १६ राहू देत. नसेल तर त्यांना रेडीचा आणि आतल्या सीपीयूचा आलेख एकाच वेळेचा, एकाखाली एक लावून पाठवा आणि महिनाअखेर टाळून एक दिवस ८ वर चालवून बघायची परवानगी मागा. हॉट-ॲडची सोय आधी चालू केलेली असेल तर व्हीसीपीयू चालू व्हीएममध्ये वाढवता येतात, कमी करायला ती बंद करावी लागते. तेव्हा ऑफिस सुटल्यानंतरची वेळ घ्या, आणि बॅकअप सुरू व्हायच्या आत उरका.