डेटा बोर्डाकडची फाईल माहिती अधिकारात मिळायला पायजे का?

केळीवाला, रावेर:
मंडळी एक विचारतो. पीक विमा भरायला सेंटरवर गेलो, आधार, पासबुक, सातबारा सगळ्याच्या झेरॉक्स दिल्या आन थोड्याच दिवसात ट्रॅक्टर लोनवाल्यांचे फोन चालू, गट नंबर सकट सांगतात लेकाचे. आता लोकांची खासगी माहिती जपायचा २०२३ चा डेटा कायदा आलाय, त्याच्या तक्रारीची कलमं लागू झाली की समजा मी त्या तक्रारी बघणाऱ्या डेटा प्रोटेक्शन बोर्डाकडे गेलो आन कंपनीने तिथे खुलासा दिला, तर तो खुलासा मला माहिती अधिकारात मिळाला पायजे की नको? मी म्हणतो पायजे. बोर्ड संसदेच्या कायद्याने बनलंय, म्हणजे माहिती अधिकार लागू असलेलं सार्वजनिक प्राधिकरणच झालं ना.

वकीलसाहेब, जळगाव:
प्राधिकरण आहे, म्हणून सगळी फाईल उघडी असं नाही होत. सिस्टीम कुठे फुटली, कोणाकोणाचा डेटा गेला हे भोक बुजायच्या आधी बाहेर आलं तर दुसरा चोर आत शिरणार. आणि बोर्डाला दिलेला कागद उद्या व्हॉट्सॲपवर फिरणार म्हटल्यावर कंपनी कशाला खरं लिहील? इंग्लंडात माहिती अधिकार आणि डेटा दोन्ही एकच आयुक्त बघतो, तरी तिथल्या २०१८ च्या कायद्यात कलम १३२ आहे, कामात हाती आलेली माहिती कर्मचाऱ्याने अधिकार नसताना मुद्दाम फोडली तर गुन्हा.

आप्पा, अमळनेर:
साहेब इंग्लंडचं अर्धंच सांगता तुम्ही. त्याच आयुक्ताने २०२० मध्ये ब्रिटिश एअरवेजला २ कोटी पौंड दंड ठोकला आणि दंडाची नोटीस कंपनीच्या नावासकट लोकांपुढे ठेवली, काही मजकूर तेवढा झाकला. आपल्याकडे पण माहिती अधिकारात कलम १० आहे की, झाकायचं ते झाकून बाकीचं द्या. पण आपला बाबू झाकायच्या कटकटीत पडतच नाही, सरळ अख्खा अर्ज फेटाळतो.

धुळेकर:
तुन्हं म्हननं बराबर शे आप्पा! आणि फेटाळणं आता अजून सोपं झालंय. वैयक्तिक माहिती नाकारायचं जे कलम ८(१)(ञ) आहे, त्यात आधी सार्वजनिक कामाशी संबंध आहे का ते बघावं लागायचं, आणि जी माहिती संसदेला, विधिमंडळाला नाकारता येत नाही ती कोणालाच नाकारायची नाही असं स्पष्ट लिहिलेलं होतं. नोव्हेंबर २०२५ पासून याच डेटा कायद्याने ते सगळं उडालं, उरलं फक्त 'वैयक्तिक माहिती'. आमच्याकडे घरकुलाची यादी मागितली तर एका ओळीचं उत्तर आलं, तृतीय पक्षाची वैयक्तिक माहिती, अर्ज निकाली. घरकुल कोणाला मिळालं हे गावाला कळायला नको का भो?

वकीलसाहेब, जळगाव:
८(२) कायम आहे, जनहित मोठं असेल तर देता येतं, अपिलात तेच मांडा. पण घरकुल आणि बोर्डाची फाईल एकाच पोत्यात घालू नका. केळीवाले भाऊ, त्या फाईलीत तुमचा पण सातबारा आहे, थकीत कर्ज आहे. बांधावरून भांडणारा तुमचाच भाऊबंद दहा रुपयात ती मागेल तेव्हा काय म्हणाल?

ताई, चोपडा:
हे मात्र खरं. एखाद्या मुलीचे फोटो लीक झाले आणि तिने तक्रार केली तर तिचं नाव कधीच बाहेर यायला नको, चौकशी चालू असताना नाही आणि संपल्यावर पण नाही. पण साहेब, तिच्या पदराआड कंपनीला का लपवता? दंड २५० कोटींपर्यंत होऊ शकतो आणि तो जाणार सरकारी तिजोरीत, जिचा डेटा गेला तिला त्यातला छदाम नाही. निदान कोणी चूक केली एवढं तरी लोकांना कळू द्या.

वकीलसाहेब, जळगाव:
निकाल लागल्यावर कंपनीचं नाव द्या, माझी ना नाही. चौकशी चालू असताना नको एवढंच.

आप्पा, अमळनेर:
आणि चौकशी संपलीच नाही तर? नियमात सहा महिने लिहिलेत, पण पुढे तीन-तीन महिन्यांची मुदतवाढ आहे. तोवर कंपनी नाव बदलून दुसरं दुकान थाटेल. म्हणून फाईल मागूच नका, तक्रारी किती आल्या, किती निकाली निघाल्या, मुदतवाढ किती प्रकरणांत आणि काय कारणाने दिली ते मागा, यात कोणाचं गुपित फुटत नाही.

केळीवाला, रावेर:
हे पटलं. कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज तयारच ठेवतो.

आप्पा, अमळनेर:
स्टॅम्प राज्याच्या ऑफिसला चालतो, बोर्ड केंद्राचं आहे. पोस्टल ऑर्डर लाव नाहीतर ऑनलाईन भर. आणि दुसरं अपील नाशिकला नाही हो, थेट दिल्लीला.