मदत हवी आहे: क्लेम्समधून अंडररायटिंगला (पॉलिसी द्यायची का, किती प्रीमियमला, हे ठरवणारा विभाग) कोणी गेलंय का?

नमस्कार मंडळी, येरवड्यात एका मोठ्या इन्शुरन्स कंपनीत हेल्थ क्लेम्सला आहे, तीन वर्षं झाली. पगार वेळेवर, कॅन्टीन बरं, तशी तक्रार नाही पण २०२४ मध्ये विमा नियामक आयआरडीएआयचा नियम आला ना, कॅशलेसची मंजुरी १ तासात आणि डिस्चार्जची ३ तासात, तेव्हापासून स्क्रीनवरचा टायमर लाल झाला की हातातला चहा तसाच गार होतो. (पेशंटसाठी नियम चांगलाच आहे म्हणा, बाबांच्या वेळी आम्ही संध्याकाळपर्यंत बिलिंग काउंटरपाशी ताटकळलो होतो.) आता अंडररायटिंगला जायचंय. इन्शुरन्स इन्स्टिट्यूटची लायसेन्शिएट परीक्षा झालीये, आधी त्यापुढच्या असोसिएटशिपचे पेपर देऊ की सरळ इंटर्नल ट्रान्सफर मागू? आणि मॅनेजरना आत्ताच सांगितलं तर अप्रेझलला डूख धरतील का?