मदत हवी आहे: शनिवार-रविवार एकटीने आगोंदला
नमस्कार मंडळी. ऑडिटच्या कामासाठी मडगावात आले आहे. सोबतचे सगळे शुक्रवारी रात्री घरी निघतायत, मी मात्र मुद्दाम थांबतेय. कळंगुट-बागाची गर्दी नको. दक्षिण गोव्यातल्या आगोंद आणि गालजीबागच्या किनाऱ्यांवर थंडीच्या दिवसांत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, वनखातं घरट्यांभोवती कुंपण घालून ती राखतं. ते बघायची फार ओढ आहे!

मडगावहून बसने काणकोण तालुक्यातल्या चावडी या गावापर्यंत येईन. पुढे आगोंदला संध्याकाळी शेवटची बस किती वाजता? अंधार पडल्यावर रिक्षा किंवा पायलट (मोटारसायकल-टॅक्सीवाला) मिळतो का? स्कूटर मला येत नाही, त्यामुळे भाड्याची गाडी सुचवू नका. एकट्या बाईसाठी घरमालक तिथेच राहतात अशी खोली कुणाच्या माहितीत आहे का? आणि तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) सुकं, सोलकढी मिळेल अशी साधी खानावळही सांगा. गुरुवारपर्यंत कळलं तर बुकिंग करता येईल.