जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा), आयसीयूत चार वर्षं. आता पुढे काय?

प्रश्न: नागपुरात धंतोलीतल्या साठ खाटांच्या खासगी दवाखान्यात आहे. नर्सिंग कौन्सिलची नोंदणी झालेली आहे. नाइटला एकटीकडे व्हेंटिलेटरचे चार पेशंट. परवा एकाचं सक्शन करत होते, तेवढ्यात पलीकडचा इन्फ्युजन पंप वाजायला लागला. कुणाकडे आधी धावू? काम जिवापाड आवडतं, पण असं नाही करवत.

मेडिकलची (सरकारी मेडिकल कॉलेजची) सिस्टर: ताई, नॉरसेट द्या, म्हणजे एम्सची नर्सिंग भरतीची परीक्षा. मिहानच्या एम्समध्ये नर्सिंग ऑफिसर त्यातूनच घेतात. जीएनएमवाल्यांना 50 खाटांच्या दवाखान्यातला 2 वर्षांचा अनुभव लागतो, तो तुमचा झाला. वय 30च्या आत असेल तर थांबू नका. अन् अनुभवाचा दाखला नोकरीत असतानाच घ्या. सोडल्यावर मला तीन महिने चकरा मारायला लावल्या होत्या.

काटोलकडची: मी सहा महिन्यांचा कोर्स करून आरोग्य उपकेंद्रात सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) झाले. नोकरी कंत्राटी आहे, पण बीपी-शुगरचे पेशंट नावानं ओळखतात.

मेडिकलची सिस्टर: शिकवायची आवड असेल तर पोस्ट बेसिक बीएस्सी करा, म्हणजे जीएनएमनंतरची नर्सिंगची पदवी, 2 वर्षं.

प्रश्नकर्ती: वय 27. दाखल्याचा अर्ज आज ड्युटीवर जाताना देते.